अकरा पॉइंट दोन

गोजरबाईच्या तेराव्याला माझ्या घरी गोड जेवून, हात धुऊन, सुपारी तोंडात टाकल्यावर तातेरावांनी मला विचारलं, "दाजी, मंग त्या दिवशी किती पडलं ॲव्हरेज?"

तातेराव गोजरबाईचा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. राहतो परतूरच्या पुढं, आष्टीला. खोलीत वीस-बावीस माणसं होती. एकजण चुना मळत होता, त्याचा अंगठा तिथंच थांबला. माझा मुलगा मच्छिंद्र पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. कुणी हसलं नाही आणि कुणी तातेरावांना गप्प बस असंही म्हणालं नाही. म्हणजे सगळ्यांच्या मनात तेच होतं.

आधी गाडीचं सांगतो, म्हणजे हा प्रश्न किती घाण होता ते कळेल.

अंकुशनगरच्या साखर कारखान्यात मी सव्वीस वर्षं वर्कशॉपला होतो. दोन हजार आठला रिटायर झालो आणि जालन्यात मस्तगडच्या घरी राहायला आलो. त्याच वर्षी बियाणांच्या कंपनीतले एक साहेब हैदराबादला बदलून गेले. त्यांची गाडी हायब्रीड होती. पेट्रोलचं इंजिन आणि त्याच्या जोडीला बॅटरीवरची मोटार. पाय उचलला की चाकांच्या फिरण्यावर बॅटरी भरते, गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं. जालन्यातला एकही मिस्त्री तिला हात लावायला तयार नव्हता, म्हणून गिऱ्हाईकही नव्हतं. मी घेतली.

घरी आणली तेव्हा गोजरबाई दारात उभी राहून म्हणाली, "काय म्हणतेत हिला?"

"हायब्रीड."

"मंग हायब्रीड जवारीवानी हिच्या भाकरीला चव न्हाई राहायची."

साहेब म्हणाले होते, लिटरला अठरा देते. मी दोन महिन्यांत चोवीसवर नेली. कारखान्यात आम्ही वाफ वाया जाऊ देत नव्हतो, उसाचा चोथा, बगॅस, तोही वाया जाऊ देत नव्हतो, मला ती खोडच होती. टायरमध्ये हवा जास्त ठेवली. डिक्कीतला जॅक आणि स्टेपनी काढून घरी ठेवली. पंचेचाळीस-पन्नासच्या वर जायचं नाही. ब्रेक मारायचाच नाही. पुढं काय आहे ते लांबून बघायचं आणि आधीच पाय उचलायचा, म्हणजे गाडी तिच्या जोरावर जाते आणि बॅटरीही भरते. एसी बंद. काचा बंद, कारण उघड्या काचांनी वारा अडतो. एप्रिल-मे मध्येसुद्धा बंद. गोजरबाई टॉवेल ओला करून डोक्यावर घ्यायची.

माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. लांबचं तिलाच दिसायचं. ती शेजारी बसून सांगायची, "म्हशी हायेत, उचला." "ब्रेकर आला, उचला." "ट्रक वळून राह्यला, उचला." शेजारणींना सांगायची, आमच्याकडं मी कंडक्टर हाय. एकदा जालना ते अंबड आणि परत, लिटरला एकतीस पॉइंट चार पडलं. त्या दिवशी तिनं माझ्यापेक्षा मोठ्यानं आकडा वाचला. मस्तगडात मी चहाला गेलो की पोरं विचारायची, "नाना, आज किती?" मी सांगायचो. मला आवडायचं. खोटं कशाला बोलू.

तिला किती आवडत होतं ते आता सांगता येत नाही. एकदा तातेरावांची बायको पुष्पाबाई आमच्याकडून आष्टीला निघाली होती. आम्हीही तिकडंच चाललो होतो. गाडीत आधीच तिघं होतो. मी म्हणालो, चौथं माणूस घेतलं की ॲव्हरेज पडतं, तुम्ही एसटीनं या. हे मी म्हणालो. पुष्पाबाई एसटीनं आली. गोजरबाई त्या दिवशी पूर्ण रस्ताभर काही बोलली नाही. म्हशी आल्या तरी बोलली नाही, मला ब्रेक मारावा लागला.

म्हणून तातेरावांच्या तोंडात तो प्रश्न आला. मी ते समजू शकतो. पण त्या दिवशी असं झालं नव्हतं.

तातेरावांच्या नातवाचं जावळ होतं. चैत्र महिना. बोकड कापलं होतं, दीड वाजता पहिली पंगत उठली. मी बाहेर लिंबाखाली पाहुण्यांत होतो. बायका आत होत्या. आत गोजरबाईला घाम सुटला, डावा हात खांद्यापासून दुखायला लागला. आतल्या शहाण्यांनी ठरवलं, मटण बाधलं, पित्त झालं. ओवा चावायला दिला, गरम पाणी दिलं, पाठ चोळली, पंख्याखाली निजवलं. मला कुणी बोलावलं नाही. अडीचच्या पुढं मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा मला दिसलं. तिचा रंग बघूनच मला कळलं. तातेराव म्हणाले, "पडू द्या जराशीक, उतरंल." मी म्हणालो, आताच्या आता निघायचं.

दारात जीप उभी होती. तातेराव म्हणाले जीपमध्ये घाला. मी नाही म्हणालो. जीपमध्ये पाठ टेकायला धड जागा नसते, धक्के बसतात. माझ्या गाडीची सीट पार मागं झोपते. तिला पुढंच निजवलं. किल्ली फिरवली, आणि निघण्याआधी मी ट्रिपचं बटन दाबून आकडा शून्य केला.

का दाबलं? दीड वर्ष दर वेळी निघताना दाबत होतो. हात गेला. पुष्पाबाई दाराशी उभी होती, तिनं ते बघितलं. तेरा दिवसांत आष्टीपासून परतूरपर्यंत आणि परतूरपासून मस्तगडपर्यंत सगळ्या नात्यात झालं, की बाई तडफडत होती आणि हा बटन दाबत होता.

मी एसी लावला. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा. गोजरबाई डोळे मिटूनच म्हणाली, "आज लावला व्हय."

परतूरला एका डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली आणि म्हणाले, इथं थांबू नका, जालन्याला न्या. पुढं वाटूर फाटा, मग जालना. शंभराच्या खाली काटा येऊ दिला नाही. एकशे वीसला गेलो. ट्रक ओव्हरटेक केले तसे मी जन्मात केले नव्हते. दवाखान्यात स्ट्रेचरवर घेतली तेव्हा ती जिवंत होती. वीस मिनिटांनी नव्हती. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं.

तो अर्धा तास. सगळ्यांनी मिळून तो माझ्या गाडीच्या नावावर टाकला.

माझ्याकडं एकच गोष्ट होती. गाडीचा आकडा. दवाखान्याच्या आवारात गाडी घ्यायला गेलो तेव्हा समोर दिसला. अकरा पॉइंट दोन. ती गाडी, ती माझ्या हातात, लिटरला अकरा. ज्याला गाडी कळते त्याला यातच सगळं कळतं. पाय तळाला लावल्याशिवाय ती गाडी अकरावर येत नाही. घर दवाखान्यापासून दोन किलोमीटर, तेवढ्यात तो आकडा हलला नाही. गाडी दाराशी लावली आणि तेरा दिवस मी तिला हात लावला नाही.

म्हणून तातेरावांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बटन दाबलं होतं मी. हो, दाबलं. म्हणूनच आकडा आहे. चला, दाखवतो. सगळे चला."

सगळे बाहेर आले. मी आत बसलो, किल्ली फिरवली. समोर आकड्याच्या जागी नुसत्या बारीक रेघा आल्या. घड्याळ बारा वाजल्याचं दाखवत होतं.

मच्छिंद्र पुढं आला. "नाना, मी बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं होतं. बॅटरी उतरू नये म्हणून. आज सकाळीच परत लावलं." मग तो हळूच म्हणाला, "तुम्हीच सांगता ना, गाडी उभी राहणार असली की टर्मिनल काढावं."

मीच सांगतो. घरातल्या प्रत्येकाला सांगितलेलं आहे. टर्मिनल काढलं की आकडाही पुसला जातो, ते सांगितलेलं नव्हतं. पोरानं बाप दुःखात आहे म्हणून बापाचं काम केलं.

"ऱ्हाऊ द्या दाजी," तातेराव म्हणाले. "गेला आकडा. बरं झालं एका परीनं."

मी गाडीतून उतरलो आणि त्याचा दंड धरला. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे, पण अंगानं दुप्पट. "बसा," मी म्हणालो. "आष्टीला सोडतो तुम्हाला."

"माझी जीप हाय की."

"जीप मच्छिंद्र आणील. तुम्ही बसा."

पुष्पाबाई मागून म्हणाली, "अहो, नका जाऊ, ते भानावर न्हाईत." पण वीस माणसांसमोर नाही म्हणायला तातेरावांना जमलं नाही. गोजरबाई जिथं निजली होती त्याच सीटवर तो बसला. सीट तशीच मागं पडलेली होती, ती त्यानं खटका ओढून सरळ केली. ते मला बघवलं नाही.

"बघा," मी म्हणालो. "हे बटन. हे दाबलं. शून्य. आता आष्टीला गेल्यावर वाचा."

गावाबाहेर पडेपर्यंत तो ऐटीत होता. पुढं मोकळा रस्ता लागल्यावर मी पाय खाली नेला आणि तो तिथंच ठेवला.

"दाजी, ट्रक हाय समोर."

"दिसतोय."

"दाजी, हळू."

"त्या दिवशी पण ट्रक होते."

"आरं पण आता कोन मरायलंय का!"

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं दारावरचं कडं दोन्ही हातांनी धरलं होतं. सुपारी अजून गालातच होती. एक एसटी समोरून आली, मी शेवटच्या घडीला गाडी आत घेतली. त्यानं आईचं नाव घेतलं. वाटूरपर्यंत तो हळू, हळू म्हणत होता, पुढं म्हणायचा थांबला. परतूर ओलांडताना म्हणाला, "मला नातू हाय दाजी. जावळ काढलंय त्याचं आत्ताच."

"माहीत आहे. मी आलो होतो जावळाला."

आष्टीला त्याच्या दारात गाडी उभी केली. इंजिन आपोआप बंद झालं. मी म्हणालो, "वाचा."

त्यानं वाकून वाचलं. "बारा पॉइंट चार."

"त्या दिवशी अकरा पॉइंट दोन होतं."

त्यानं परत वाकून आकडा बघितला. "मंग आज जास्त कसं?"

"आज बाजूचा माणूस हळू म्हणत होता."

तो उतरायला लागला. मी म्हणालो, "थांबा. त्या दिवशी जीपमध्ये घाला म्हणालात. जीपमध्ये डिझेल होतं?"

"होतं थोडंफार."

"किती?"

"रिझर्वला लागल्तं."

"सेल्फ मारल्यावर सुरू व्हायची?"

तो उंबऱ्याकडं बघायला लागला. "ढकलल्यावर व्हायची."

"म्हणजे माझ्या बायकोला आत निजवून तुम्ही जीप ढकलणार होते. मग परतूरच्या पंपावर रांगेत थांबणार होते. आणि माझ्या घरी येऊन, माझं जेवून, मला ॲव्हरेज विचारता. लाज वाटत नाही?"

तो उतरला. सुपारी बाहेर थुंकला, घरात गेला. मला वाटलं होतं, हे झालं की मला मोकळं वाटेल. मला त्याच्या मागं घरात जाऊन अजून बोलावंसं वाटत होतं. ओव्याचं बोलायचं राहिलं होतं. तो तास पाऊण तास, त्याचं बोलायचं होतं. पण आतून त्याच्या नातवाचा रडण्याचा आवाज आला, म्हणून मी गाडी वळवली.

परतताना मी एकटा होतो. राग तसाच होता, पाय तसाच दाबलेला होता. परतूर गेलं, वाटूर फाटा गेला. फाट्यापुढं जालन्याकडं येताना एक लांब उतार आहे. आम्हा दोघांचा तो आवडता उतार. तिथं पाय उचलला की गाडी दोन किलोमीटर नुसती जाते, बॅटरी भरत जाते, आकडा वर चढतो. गोजरबाई म्हणायची, "ह्यो आपला फुकटचा रस्ता."

त्या उताराला लागल्यावर मला एकदम गाडी शांत झाल्यासारखी वाटली. बघितलं तर माझा पाय वर होता. मी उचलला नव्हता. उचलला गेला होता.

मी दाबला. थोड्या वेळानं परत वर.

मी गाडी बाजूला घेतली. कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मच्छिंद्रला नाही, तातेरावांनाही नाही. त्या दिवशीसुद्धा इथं पाय वर गेला होता. किती वेळ ते मला माहीत नाही. ती शेजारी निजलेली होती, डोळे मिटलेले. गाडीचा आवाज कमी झालेला तिला कळला. आवाजावरून तिला सगळं कळायचं. ती डोळे न उघडता ओरडली, "आता कशाला उचलता? दाबा!" तेवढं मोठ्यानं ती कधी माझ्यावर ओरडली नव्हती. त्यानंतर ती बोलली नाही.

मी तातेरावांना फोन लावला. तीनदा वाजल्यावर उचलला.

"तातेराव, एक सांगायचं राहिलं. वाटूरच्या पुढच्या उतारावर त्या दिवशी माझा पाय उचलला गेला होता. ती ओरडली तेव्हा मी दाबला."

तो म्हणाला, "किती येळ?"

"माहीत नाही."

मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. तो म्हणाला, "मलाबी म्हणली व्हती ती. तातू, हे पित्त न्हाई, दवाखान्यात ने. मी म्हणलं, आक्का, पंगती चालू हायेत, पड जराशी."

माझा परत भडका उडाला. "मग मला का बोलावलं नाही? मी दहा पावलांवर होतो! लिंबाखाली! एवढी माणसं घरात, एकाला बाहेर येता आलं नाही?"

"पुष्पा आल्ती की," तो म्हणाला.

"कधी?"

"दोनदा आल्ती. वन्संला बरं न्हाई म्हणून सांगायला. तुम्ही बोनट उघडून पाव्हण्यांना दाखवून राह्यले व्हते. आलोच म्हणलात."

तेराव्याला त्यानं हे का काढलं नाही ते मला कळलं. हे काढलं असतं तर ओवाही निघाला असता, पंगतीही निघाल्या असत्या. दोष गाडीवर ढकलला की त्याचं घर त्यातून सुटत होतं. आकड्यानं मी सुटत होतो.

"दाजी? हायेत का?"

मी फोन बंद केला. समोर आकडा बारा पॉइंट नऊ झाला होता. त्या उतारानं तेवढा वाढवला होता. मी त्या काचेवर मूठ मारली. काच फुटली नाही, हाताला लागलं.

पुष्पाबाई आली होती. मला आता आठवत होतं. पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात वाढायचा डाव होता. मी एका हातानं बोनट धरलं होतं, दुसऱ्या हातानं त्या पाहुण्यांना नारिंगी वायर दाखवत होतो, ही मोटारची, हिला हात लावायचा नाही, हिच्यामुळंच एकतीस पॉइंट चार. "दाजी, वन्संला जरा बरं वाटंना," ती म्हणाली. मी "आलोच" म्हणालो. एक पाहुणा म्हणाला, एकतीस होऊच शकत नाही. मी त्याला समजावून सांगायला लागलो. ती थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा डाव नव्हता, पदराला हात पुसत आली होती. तेव्हाही मी बोनट खाली केलं नाही.